आप्पांनी दिलेले पाच स्टार

प्रवासाला निघालेला माणूस मुक्कामाची जागा ठरवण्याआधी फोनवर लोकांची मतं वाचताना दिसला की मी नजर चुकवतो. तो कुणीही असो, मला त्याची भीती वाटते. त्यातली काही मतं मी लिहिलेली असतील, आणि ज्यांच्या नावानं लिहिली त्यांनी ती जागा लांबूनसुद्धा पाहिलेली नसेल, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

शिरूर कासारला माझं छोटं दुकान आहे. मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि फ्लेक्सचं डिझाइन. नवा फोन घेतलेला माणूस आला की त्याचं मेलचं खातं मीच उघडून देतो. पासवर्ड त्याला सांगून उपयोग नसतो. तो विसरतो, फोन अडकतो आणि मग माझ्या डोक्यावर येऊन बसतो. म्हणून सगळ्यांचे पासवर्ड माझ्या एका लांबोड्या वहीत असतात. आमच्याकडे बहुतेक दुकानांत हीच रीत आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. घराची किल्ली शेजारणीकडे टाकून सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणारी माणसं ही. पासवर्डचं काय घेऊन बसलात?

दिवाळी झाली की तालुका रिकामा होतो. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर निघतात, भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन. वहीतली निम्मी नावं परजिल्ह्यात उसाच्या फडात जातात आणि त्यांच्या खात्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर पडून राहतात.

आता अण्णांचं सांगतो. नाव घेत नाही. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, आणि जे म्हणत नाहीत ते गप्प बसतात. माझं दुकान ज्या गाळ्यात आहे तो गाळा अण्णांचा. बीडच्या बाहेर, कपिलधारच्या वाटेवर त्यांनी हॉटेल काढलं, खाली जेवण आणि वर खोल्या. वर्ष व्हायच्या आत त्या हॉटेलला ‘आदर्श आतिथ्य पुरस्कार’ मिळाला. निवड समितीत तिघं होतो, अण्णांचा मेहुणा, एक फोटोग्राफर आणि मी. समिती सकाळी स्थापन झाली, दुपारी तिची बैठक झाली आणि संध्याकाळी सत्कार. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचं लेटरहेड मी बनवलं होतं. स्मृतिचिन्हावरचा मजकूर अण्णांनी स्वतः पसंत केला. त्यांच्या अंगावर घातलेली शाल महिन्यापूर्वी त्यांनीच कुणाला तरी घातली होती, ती फिरून घरी आली.

त्याच मांडवात मलाही ‘आदर्श ऑनलाइन सेवक’ म्हणून गौरवलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. डोक्याला फेटा बांधत होते तेव्हा ऊर भरून आला होता. शाबासकी खोटी आहे हे माहीत असूनही अंगावर मूठभर मांस चढतं.

त्या कार्यक्रमाचा पहिला फ्लेक्स मात्र चुकला. आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, ह्यावरून मैत्री तुटते. शेजारच्या गावच्या पुढाऱ्याचं तोंड माझ्या हातून अण्णांच्या तोंडापेक्षा बोटभर मोठं झालं. अण्णांनी तो उलगडून बघितला आणि म्हणाले, “ह्याला कावून एवढा फुगवला बे? पुरस्कार त्याला हाय का मला?”

दुसरा छापला. पहिला दुकानात पडून राहिला. असे चुकलेले फ्लेक्स वाया जात नाहीत. तोडीला जाणारी माणसं ते मागून नेतात आणि फडावर राहायला पाचटाची कोपी बांधली की वरून टाकतात. पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली आमचा निम्मा तालुका झोपतो. हा फ्लेक्सही आप्पांनी मागितला होता. आप्पा म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक, नवराबायको दोघंही तोडीला जाणारे. त्यांच्या दोन मुली मागं चुलतीकडे राहायच्या. मोठी नर्सिंग शिकलेली. दोघींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म मीच भरलेले. पण आप्पा यायच्या आधी अण्णांचा माणूस तो फ्लेक्स घेऊन गेला. “हॉटेलवर कामाला येतोय,” म्हणाला. आप्पांना मी दुसरा दिला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

अण्णांच्या माणसानं नेलेला फ्लेक्स कुठल्या कामाला आला ते मला दिवाळीनंतर दिसलं. हॉटेलच्या पानावर टाकायला फोटो काढायचे म्हणून अण्णांनी बोलावलं होतं. चार नंबरच्या खोलीत न्हाणीघरात गॅसचा गिझर होता, भिंतीला टांगलेला. “नळातून वाफ निघताना दिसली पाहिजे,” अण्णा म्हणाले. मी दार लावून घेतलं, नळ पूर्ण सोडला आणि वाफ दाटायची वाट बघत उभा राहिलो. फोटो काढताना वर लक्ष गेलं. हवेसाठी ठेवलेल्या जाळीवर माझाच फ्लेक्स कापून, चारही बाजूंनी पट्ट्या ठोकून बसवलेला. ‘आदर्श’ हा शब्द आणि त्या पुढाऱ्याचा अर्धा गाल तेवढा दिसत होता.

थोड्या वेळानं डोकं जड झालं. बाहेर येऊन गॅलरीच्या कठड्याला धरून मी उलटी केली. आधी वाटलं, सकाळची मिसळ बाधली. पण मोकळ्या हवेत दहा मिनिटं बसल्यावर कळलं की हे मिसळीचं काम नाही. गॅसच्या गिझरनं बंद न्हाणीघरात माणसं गेल्याच्या बातम्या मीच दुकानात बसून कितीदा वाचल्या होत्या.

“अण्णा, ती जाळी मोकळी करा,” मी म्हणालो. “गॅस कोंडतो आत.”

“मोकळी केली की वानरं आत येत्यात. परवा साबण घेऊन गेलं एक.” ते हसले. “आन् तू काय मुक्कामाला येणार हायस का?”

मी पुढच्या खोलीचे फोटो काढायला गेलो. गाळा त्यांचा, फेटा त्यांनी बांधलेला. इतकंच कारण होतं, ह्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

त्याच आठवड्यात हॉटेलच्या पानावर एका परगावच्या प्रवाशानं एक स्टार दिला. मजकूर एवढाच: “आंघोळ करताना डोकं गरगरलं. परत येणार नाही.” अण्णांचा लगेच फोन आला. ते एवढंच म्हणाले, “खाली ढकल त्याला.”

खाली ढकलायचं म्हणजे वर काहीतरी रचायचं. मी वही उघडली. बैलगाडीवाले, कोयतेवाले, फडात भाकऱ्या थापणाऱ्या बाया, ज्यांनी उभ्या जन्मात हॉटेलच्या गादीवर पाठ टेकली नाही अशा चाळीसएक माणसांनी दोन आठवड्यांत अण्णांच्या हॉटेलला पाच-पाच स्टार दिले. आणि मी ते काम मन लावून केलं, हे लिहिताना आज मला स्वतःची किळस येते. कुणाच्या तोंडी वांग्याच्या भाजीचं कौतुक घातलं, कुणाला लिंबागणेशच्या गणपतीचं दर्शन घेऊन तिथं मुक्कामाला आणलं. एकाला तर मी मुद्दाम चारच स्टार द्यायला लावले आणि चहा गोड होता अशी तक्रार करायला लावली, म्हणजे खरं वाटावं. खरा माणूस दोन शब्द लिहून मोकळा होतो. घरदार, लेकरं, प्रवास सगळं सांगत बसतो तो माझ्यासारखा असतो. हे एवढं ज्ञान मी त्या कामातून मिळवलं.

आप्पांच्या नावावर मी असं लिहिलं: “कुटुंबासह राहिलो. खोल्या स्वच्छ. गरम पाणी भरपूर. मला दोन मुली आहेत म्हणून मी आधी सुरक्षितता बघतो. लेकीबाळींनी निर्धास्त राहावं अशी जागा.” दोन मुलींचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं. वाचून मी चहा सांगितला.

जानेवारीत एका दुपारी आप्पांची मोठी मुलगी दुकानात आली. नर्सच्या भरतीची परीक्षा, केंद्र बीडला. हॉल तिकिटाची प्रिंट काढायची होती. सकाळी साडेसातला हजर राहायचं, आणि शिरूरहून पहिल्या गाडीनं गेलं तर उशीर होणार. म्हणून ती आणि तिची एक मैत्रीण आज संध्याकाळीच जाऊन मुक्काम करणार होत्या. दोन वर्षं ती ह्या परीक्षेच्या मागं लागली होती. ही लागली तर आईबापाचा कोयता सुटणार होता. ते ती बोलायची नाही, पण सगळ्या गावाला माहीत होतं.

“राहणार कुठं?” मी प्रिंटरकडे बघत विचारलं.

तिनं फोन पुढं केला. पडद्यावर अण्णांचं हॉटेल होतं.

“इथं केलीय खोली. आधी जरा भ्या वाटलं काका. एकानं लिवलंय, डोकं गरगरलं म्हणून. पण मग वर बघितलं तर आप्पाच.” ती हसली, लाजल्यासारखी. “आमाला कधी बोलले न्हाईत. आई आन् ते कधीतरी राहिलेले दिसत्यात तिथं. कुणाकडून तरी लिहून घेतलं आसंल. दोन मुली हायत म्हणून लिवलंय, बघा. मला लई बरं वाटलं वाचून. एक दिवस तरी गादीवर झोपले दोघं.”

तिनं ते मला वाचून दाखवलं. माझंच वाक्य, तिच्या बापाच्या आवाजात.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पोरी, हे मी लिहिलं, तिथं जाऊ नकोस, एवढी दोनच वाक्यं. सांगितलं तर ती आप्पांना सांगणार, आप्पा तोडीच्या टोळीला, आणि टोळीतले निम्मे माझ्या वहीत. गाळा, दुकान, अब्रू सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि ती पोर त्याच्या मागं गेली.

मी म्हणालो, “उद्या थंड पाण्यानं आंघोळ कर. परीक्षेला डोकं ताजं राहतं.”

“ह्या थंडीत?” ती म्हणाली. “काका, तुमी बी ना.” हॉल तिकीट दप्तरात घालून ती स्टँडकडे गेली.

संध्याकाळी मी हॉटेलच्या काउंटरला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, दोन मुली आल्यात, चार नंबर दिलाय. दुसरी खोली दे म्हणालो, तर तो म्हणाला, अण्णांना विचारा. अण्णांना विचारलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता. मेसेज लिहिला, “गिझर लावू नको. लावलास तर दार उघडं ठेव.” मग तो पुन्हा वाचला. पन्नाशीचा माणूस, लोकाच्या तरण्या पोरीला आंघोळ करताना दार उघडं ठेव म्हणून लिहितोय. कुणी बघितलं तर काय म्हणेल? मी मेसेज पुसून टाकला. त्या वेळीही मला माझ्याच नावाची काळजी होती.

पहाटे पाचला राहवेना. मोटरसायकल काढली. थंडीनं बोटं वाकेनात, रस्त्यात धुकं, आणि डोक्यात एकच हिशोब, ती किती वाजता उठेल. साडेसातला हजर राहायचं म्हणजे साडेपाचला उठेल. सहाला न्हाणीघरात जाईल. मी बीडच्या अलीकडे होतो तेव्हाच सहा वाजले. रस्त्याच्या कडेला थांबून तिला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा लावला. पुन्हा वाजली.

हॉटेलच्या जिन्यावर चपला न घालता धावणारी मैत्रीण मला आधी दिसली. वर गॅलरीत झाडलोट करणाऱ्या मावशींनी दार खांद्यानं तोडलं होतं. त्या पोरीला त्यांनी आपल्या लुगड्यात गुंडाळून बाहेर ओढून आणलं होतं. केस ओले, तोंड लालभडक, डोळे अर्धे उघडे. आत गिझर अजून जळत होता आणि वर जाळीवरून तो अर्धा गाल हसत होता.

“नळ चालू हाय, पर आतून आवाज दीना,” मावशी मला सांगत होत्या. “म्या तवाच म्हनलं, काय तरी इपरीत हाय. तुमी कोन हिचे?”

मी रिक्षा बोलवायला खाली धावलो. रिक्षा आली, तिला सरकारी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दुपारी ती बोलली. वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. परीक्षा तेव्हा सुरू होऊन संपलीही होती. तिचं हॉल तिकीट माझ्याच खिशात होतं, गडबडीत कुणीतरी दिलेलं. मैत्रीणही परीक्षेला गेली नाही, तिच्या उशाशी बसून राहिली.

अण्णा सगळ्यांना सांगत होते, पोरीनं उपाशीपोटी आंघोळ केली, चक्कर आली. जाळीवरचा फ्लेक्स मात्र त्याच सकाळी निघाला होता.

चौथ्या दिवशी आप्पांचा फोन आला. मागं कोयत्यांचा खणखणाट, कुणाच्या तरी हाका.

“भाऊ, एक इचारायचं होतं. पोरगी म्हणती, ते हाटेल चांगलं हाय म्हणून म्या लिवलं. मी तर तिकडं कवाच गेलो न्हाई. मग माज्या नावानं कावून आलं ते?”

मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो होतो. तोंड उघडलं. सांगणारच होतो. पण ते थांबले नाहीत.

“मला काय वाटतंय सांगू का? फोन माज्या खिशात आसतो, मोळी उचलताना दाबला जातो. आंगठा लागला आसंल कुठं तरी. आसं व्हतं का भाऊ? माज्याच हातून गेलं आसंल का ते?”

“होतं,” मी म्हणालो. “कधी कधी होतं असं.”

मग ते म्हणाले, “मंजी माज्याच पायी झालं,” आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी वही काढून चाळीसही मतं पुसली. सगळ्यात आधी आप्पांचं. त्या प्रवाशाचं डोकं गरगरल्याचं वाक्य एकटं वर राहिलं. आठवडाभर राहिलं. मग अण्णांना दुसरा कुणी तरी सापडला. आता तिथं पन्नासच्या वर मतं आहेत, माझ्यापेक्षा बरी लिहिलेली. नावं ओळखीची वाटतात. पुरस्काराचं स्मृतिचिन्ह काउंटरवर तसंच आहे आणि येणारा-जाणारा त्याच्याजवळ उभा राहून फोटो काढतो. जाळी अजून मोकळी आहे का, ते मला माहीत नाही. पुढच्या खेपेला वानरं आली तर काय होईल, तेही माहीत नाही. प्रवासी लोकांना माझं एकच सांगणं आहे, खोलीत शिरल्यावर मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तोडीहून माणसं परतली तेव्हा आप्पा दुकानात आले. सोबत ती होती. बरी दिसत होती, पण फॉर्मवरची जन्मतारीख विचारली तेव्हा मध्येच अडखळली, बापाकडे बघितलं आणि मग सांगितली. अजून कधी कधी निसटतं, म्हणाली. पुढच्या भरतीचा फॉर्म भरायला आली होती.

आप्पांनी खिशातून आपला मोबाइल काढून टेबलावर ठेवला, पुसून, फडक्यात बांधून आणलेला.

“ह्यो ठिवून घ्या. मला साधा बटनाचा द्या.”

“आप्पा, राहू द्या ना,” ती म्हणाली. “फडावरून आमाला बघता येतंय तुमाला.”

“नगं. ह्याच्यापायी जात हुतीस तू.” ते तिच्याकडे न बघता बोलले. मग माझ्याकडे वळले. “भाऊ, बटनाच्या फोनातून माज्या नावानं कुठं काय जाणार न्हाई ना?”

“नाही जाणार,” मी म्हणालो.

त्यांनी सुस्कारा सोडला. “तुमी हायसा म्हणून बरं हाय. न्हाई तर आमाला ह्यातलं काय कळतंय.”

मी त्यांच्या जुन्या फोनमधलं सिम काढलं आणि नव्यात बसवून दिलं.